मशीनची हळहळ आणि माझं ‘येते’

माझे कान लाल होतात. राग आला की होतात, लाज वाटली की होतात, आणि हातात चांगले पत्ते आले तर विचारूच नका. वयाची पंचवीस वर्षं मला याचा पत्ता नव्हता. आरशात बघताना कुणी पत्ते हातात धरून बघत नाही. ते मला सांगितलं माझ्या टीम लीडने, टी. नगरमधल्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सगळ्यांसमोर.

ऑफिस त्याच तमिळ शहरात, नुंगंबाक्कमला होतं. आमच्यातले आठ जण दर शनिवारी दुपारी त्या फ्लॅटवर पोकर खेळायला जमत. सात मुलगे आणि मी. पैसे लावायचे नाहीत, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या. पण चकत्यांसाठी भांडणं अशी व्हायची की खालच्या साड्यांच्या दुकानातला गोंगाटसुद्धा ऐकू येत नसे. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून मिळतात, पाच पत्ते सगळ्यांसाठी टेबलावर उघडे पडतात, आणि मधे मधे चकत्या लावायच्या. समोरच्याने लावल्या तर तितक्याच आपण लावायच्या, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. हातात काही नसताना मोठी रक्कम लावून दुसऱ्याला पळवायचं, त्याला आम्ही थाप म्हणायचो. टीम लीड पुण्याचा, आणखी दोघे आपल्याकडचे, बाकी तमिळ; त्यामुळे टेबलाची भाषा इंग्रजी होती. पण एक मराठी शब्द सगळ्यांनी उचलला होता. समोरच्याच्या चकत्यांना चकत्या भिडवायच्या असल्या की ‘येतो’ म्हणायचं. तमिळ पोरंही ऐटीत ‘येतो’ म्हणायची.

पहिल्याच महिन्यात या शब्दाने माझा घात केला. आईचा फोन आला म्हणून मी ‘येते हं’ म्हणत उठले, आणि टीम लीडने माझ्या निम्म्या चकत्या मधे सरकवल्या. म्हणाला, “तोंडून गेलेला शब्द पक्का. टेबलाचा नियम आहे.” मी पुष्कळ भांडले. कान अर्थातच लाल झाले. त्यानंतर त्या फ्लॅटमध्ये पाणी प्यायला उठतानाही मी मुकाट उठायचे.

टीम लीड पत्ते चांगले खेळायचा, पण त्याहून चांगली माणसं वाचायचा. माझ्याकडे एकदा बघायचा आणि मोठ्याने सांगायचा, “हिच्याकडे राजाची जोडी आहे,” किंवा “ही थाप मारतेय.” आणि ते खरं निघायचं. सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण न हसले असते तर रडले असते.

त्या वर्षी सप्टेंबर संपता संपता ऑफिसात एक नवा मुलगा आला. चांगला खेळतो म्हणे. खुर्च्या आठच. एका शनिवारी खेळ संपल्यावर टीम लीडने पत्ते पिसता पिसता सांगितलं, अगदी सहज, की पोंगलच्या आधी आपण वर्षाचा मोठा डाव ठेवू. त्यात मी शेवटच्या चारांत राहिले तर माझी खुर्ची माझी. नाहीतर ती नव्याला द्यायची. “तू ये ना तरी,” तो म्हणाला. “कुणी किती जिंकलं ते लिहून ठेवायला कुणीतरी लागतंच.”

हा नियम बाकीच्या सात जणांना नव्हता. मला विचाराल तर मला त्या खुर्चीचं फार प्रेम होतं असंही नाही. पण लिहून ठेवायला? मी दारात जाऊन चप्पल घातली आणि घरच्या सवयीने म्हणाले, “येते.” आपल्याकडे कुणी येते म्हटलं की ‘ये’ म्हणतात. त्याने मान वर केली नाही. पत्ते पिसत राहिला.

बसमध्ये उभ्याने तिरुवल्लिकेणीला येईपर्यंत माझं ठरलं होतं. चेहरा मला बदलता येणार नव्हता. मग असं खेळायचं की चेहरा वाचूनही उपयोग होऊ नये.

मी तिरुवल्लिकेणीत देवळाच्या तळ्याजवळ एका घराच्या माडीवर राहत होते. खाली मालक मामा आणि मामी. तंजावरकडचे मराठी. मामा चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांची मराठी ऐकून पहिले पंधरा दिवस मला वाटायचं की कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचतंय. माझी मराठी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाटते, असं मामी म्हणायच्या. तरी घरभाडं ठरवताना मराठी बोलणारी मुलगी म्हणून त्यांनी मला जागा दिली, आणि रोज सकाळी डिकाशनची कॉफी त्या जागेबरोबर आपोआप आली.

सॉल्व्हर, म्हणजे कोणती चाल किती वेळा खेळायची ते काढून देणारा प्रोग्रॅम, हा शब्द आता पोकर खेळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. तेव्हा इंटरनेटवर जे मिळायचं ते नुसती शक्यता सांगायचं: या पत्त्यांची त्या पत्त्यांशी गाठ पडली तर शंभरात किती वेळा जिंकाल. पण मी काय करायचं ते सांगत नव्हतं. एका चर्चेत कुणीतरी एक युक्ती लिहिली होती, तेवढ्या धाग्यावर मी माझा प्रोग्रॅम लिहायला घेतला. रिची स्ट्रीटवरून सुटे भाग जमवून एक कॉम्प्युटर जोडून घेतला. ऑफिसच्या मशीनवर असले उद्योग केले असते तर खुर्चीआधी नोकरी गेली असती.

युक्ती अशी. प्रोग्रॅम स्वतःशीच खेळतो, दोन्ही बाजूंनी. लाखो डाव. प्रत्येक डाव झाला की तो स्वतःला विचारतो: मी पत्ते टाकले, त्याऐवजी चकत्या भिडवल्या असत्या तर किती बरं झालं असतं? ती हळहळ तो लिहून ठेवतो. पुढच्या वेळी जिची हळहळ जास्त, ती चाल जास्त वेळा खेळतो. असं करता करता एक वेळ येते की दोन्ही बाजूंना काहीही बदलून फायदा होत नाही. मग तुमचा चेहरा समोरच्याने कितीही वाचावा. त्या तक्त्याप्रमाणे खेळलात तर तो तुम्हाला लुबाडू शकत नाही. निदान मी तशी समजूत करून घेतली होती.

मला हे फार आवडलं. आमच्या घरी हळहळणं म्हणजे वेळ फुकट घालवणं होतं. इथे एक मशीन फक्त हळहळून शहाणं होत होतं.

पूर्ण पोकर त्या डब्याला झेपणारा नव्हता, म्हणून मी दोनच खेळाडू आणि थोड्याच चकत्या असा लहान डाव मांडला. मशीन मी ऑफिसात असताना दिवसभर चालत राही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर पडदा काळा.

“मामी, मशीन बंद कसं झालं?”

“मीच केलें गो,” मामी समाधानाने म्हणाल्या. “खोलींत कोणी नाहीं, आणि तें आपलं फिरत बसलें हाय. करंट किती जाईल!”

तीन दिवसांची हळहळ पाण्यात गेली होती. मामींनी माझे कान बघितले असणार, कारण त्या दिवशी रात्रीच्या जेवणात त्यांनी मला दोनदा पायसम वाढलं. पुढे मी दर अर्ध्या तासाने सगळं डिस्कवर लिहिलं जाईल अशी सोय केली, आणि स्विचवर तमिळमध्ये एक चिठ्ठी चिकटवली. मामींनी ती वाचली आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या. दुपारची वीज जाणं मात्र कुणाच्या चिठ्ठीला ऐकत नव्हतं.

महिन्याभरात तक्ते यायला लागले. दोन पत्त्यांच्या सगळ्या जोड्या तेरा ओळी, तेरा रकाने अशा मांडलेल्या, प्रत्येक घरात एक आकडा: इतक्या वेळा ये, इतक्या वेळा टाक. मी ते छापून भिंतीला लावले. मामींना ती रांगोळीच वाटली; त्यांनी विचारलं, हें कोणतें कोलम? मामांनी चष्मा लावला आणि पाऊण तास उभ्याने वाचलं.

“हें खोटं खेळायचं सुद्धा सांगतें?” त्यांनी विचारलं.

सांगत होतं. टेबलावर जितक्या चकत्या पडल्यात तितक्याच आपण शेवटी लावल्या, तर अशा तीन वेळांतली एक वेळ थाप असली पाहिजे, असं मशीनचं म्हणणं होतं. कमी मारलीत तर समोरचा तुमच्या खऱ्या पत्त्यांना पळून जातो. जास्त मारलीत तर पकडतो. पण तीनात एक म्हणजे नेमकी कधी? ते आपल्या मनाने ठरवायचं नाही, कारण मन ठरवायला लागलं की ते कानांना कळतं. म्हणून मी एक उपाय काढला होता. मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघायचा. वीस सेकंदांच्या आत असला तर थाप मारायची.

मामा मला म्हणाले, मशीनशीं कां खेळतेस, माझ्याशीं खेळ. पोकर त्यांना मीच शिकवला. चकत्यांऐवजी चिंचोके. रोज सकाळी सहाला, कॉफी झाल्यावर, माझी बस यायच्या आत.

पहिल्याच आठवड्यात मी एक सुरेख थाप मारली. हातात सत्ती आणि दुर्री, म्हणजे कचरा, आणि माझे होते नव्हते ते सगळे चिंचोके मधे. मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “येतों.”

मी कपाळावर हात मारून पत्ते उघडे केले. मामांनी ते बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि इतके हसले की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी त्यांचे पत्ते आधीच पालथे टाकलेले होते.

“मामा, तुम्ही येतो म्हणालात!”

“होव. येतों म्हणजे निघालों. आमच्या घरांत जातों म्हणून कोणी सांगत नाहीं. पत्त्याचा डाव झाला तरी काय, जातों म्हणून सांगायचं कां?”

 आमच्या घरी तरी कोण जाते म्हणतं? बाजारात निघालं तरी येते, सासरी निघालं तरी येते. त्या फ्लॅटमध्ये सहा महिने बसून मी माझ्याच शब्दाचा अर्थ विसरले होते. मामांकडे मग तोच नियम झाला: पत्ते टाकायचे तर ‘येतों’ म्हणायचं. मीही म्हणायला लागले. बरं वाटायचं. हरताना तोंडातून एक शुभ शब्द जायचा.

दुसऱ्या आठवड्यात मामांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवून शांतपणे विचारलं, “घड्याळ कां पाहतेस मघांपासून? बस चुकली कां?”

मी मनगट ओढणीखाली घेतलं.

“घड्याळ पाहून चिंचोके लावलीस तर कधीं खोटं, कधीं खरं. घड्याळ न पाहतां लावलीस तर नेहमीं खरं.”

झालं. खऱ्या पत्त्यांना घड्याळाची गरजच नसते, म्हणून तेव्हा मी बघतच नव्हते. दीड महिना मशीन राबवून मी स्वतःच्या मनगटावर पाटी लावून घेतली होती. मला इतका राग आला की त्या सकाळी मी चालत बसस्टॉपच्या पुढे निघून गेले. ऑफिसात उशिरा पोचले, पण उपाय सापडला होता: लपवलेल्या दोन पत्त्यांतला लहान पत्ता. तो कोणता आहे, लाल की काळा, हे मला आधीच दिसलेलं असतं. कुठे बघायला नको. तिसरा हिस्सा हवा असेल तिथे पत्त्यांच्या रंगांचा एक छोटा हिशेब बसवला, निम्मं हवं असेल तिथे तर सोपंच: लाल असला तर ये, काळा असला तर टाक.

मामा खूश झाले, पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. “मशीनला पत्ते कळतात,” ते म्हणाले. “मला मुलें कळतात. चाळीस वर्षं परीक्षेंत उभा राहिलों. ज्या दिवशीं पोरगा पाहून लिहिणार, त्या दिवशीं तो फार मर्याद असतो. सर, पाणी आणूं कां. सर, पंखा लावूं कां.” मर्याद म्हणजे त्यांच्या मराठीत अदबशीर. मी हसले. माझ्या तक्त्यात पंखा लावणाऱ्या पोरांसाठी रकाना नव्हता.

मोठा डाव पोंगलच्या आधीच्या शनिवारी, सकाळी दहाला सुरू झाला. मामींनी डब्यात दहीभात दिला आणि कपाळाला कुंकू लावलं, जशी काही मी बोर्डाच्या परीक्षेला चालले होते. तो नवा मुलगाही आला होता. माझ्या खुर्चीच्या मागे उभा राहून बघत होता. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण मला तो आवडला नाही.

मी तक्त्याप्रमाणे खेळले. कान लाल झाले तेव्हा होऊ दिले. टीम लीडने दोनदा माझे पत्ते मोठ्याने सांगितले आणि दोन्ही वेळा चुकला. तिसऱ्यांदा त्याने सांगायचंच बंद केलं. दुपारी तीनपर्यंत तिघे बाहेर पडले. पाच उरलो. आणखी एक जण पडला की मी चारांत.

तेव्हा हा डाव आला. माझ्या हातात बदामाची नव्वी आणि किलवरची अठ्ठी. टेबलावर राणी, नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्री. म्हणजे माझी नव्वीची जोडी. टीम लीड आणि मी दोघेच उरलो होतो, आणि पाचवा पत्ता पडल्यावर त्याने सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. माझ्यापेक्षा त्याच्याकडे चारदोनच जास्त होत्या. मी भिडले आणि हरले तर पाचवी. पत्ते टाकले तर थोड्या चकत्या उरतात, आशा उरते.

असल्या जोडीबद्दल मशीनचं मत मला पाठ होतं. ही जोडी खऱ्या पत्त्यांपुढे हरते आणि थापेपुढे जिंकते, बाकी काही नाही. ये किंवा टाक, हळहळ दोन्हीकडे सारखी. निम्मं, निम्मं. लहान पत्ता अठ्ठी, किलवरची, काळी. काळी म्हणजे टाक. ठरलं. मला वाईटही वाटलं नाही. मी पत्ते पुढे सरकवले आणि, दोन महिन्यांच्या सकाळच्या सवयीने, म्हणाले, “येते.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला कळायला एक क्षण लागला. तोंडून गेलेला शब्द पक्का.

शेजारचा तमिळ सहकारी आधी बोलला. “अय्यो, तिला ते म्हणायचं नव्हतं,” तो इंग्रजीत म्हणाला. “ती पत्ते टाकत होती. आमच्याकडे पण निघताना असंच म्हणतात, जाऊन येतो.”

मी टीम लीडकडे बघितलं. मला वाटलं, आता हा हसून माझ्या चकत्या ओढणार. पण तो मऊ आवाजात म्हणाला, “अगं, चुकून बोललीस. असू दे. घे मागे. आम्ही कुणी काही म्हणणार नाही.” आणि माझ्या पाण्याच्या ग्लासात पाणी ओतलं.

आठ महिन्यांत त्या माणसाने मला कधी पाणी दिलं नव्हतं.

मी त्याच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा बघत होते. इतके दिवस मी फक्त माझाच सांभाळत होते. माझा चेहरा त्याने या वेळी बरोबर वाचला होता. मी पत्ते टाकणार हे त्याला माझ्याही आधी कळलं होतं, म्हणूनच त्याने सगळं ढकललं होतं. फक्त तोंडातून काय निघेल ते त्याला कळलं नव्हतं. मलाही नव्हतं. आणि आता तो फार मर्याद झाला होता.

“नाही,” मी म्हणाले. “शब्द पक्का. टेबलाचा नियम आहे.”

 मी पत्ते उलटले. त्याने बराच वेळ त्याचे उलटले नाहीत, आणि उलटले तेव्हा गुलाम आणि पंजी होती. काही नव्हतं. नुसती थाप.

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते कमी होईल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, वाचू देत ज्याला वाचायचं ते. शेजारच्या सहकाऱ्याने टेबलावर अशी थाप मारली की चकत्या खाली सांडल्या. पुढच्या दोन डावांत टीम लीडच्या उरलेल्या चारदोन चकत्याही गेल्या. पाचवा तोच झाला. त्याची खुर्ची मात्र कुणी मागितली नाही. तो नियम माझ्यापुरताच होता. मी शेवटी तिसरी आले. नव्या मुलासाठी कुणीतरी आतून एक स्टूल आणून टेबलाला लावलं. इतकं सोपं होतं ते.

साडेपाचला मी डबा पिशवीत टाकला आणि दारात जाऊन चप्पल घातली. टीम लीड टेबलाशी बसून पत्ते गोळा करत होता. मी थांबले. पट्टा लावून झाला होता तरी थांबले.

“येते,” मी म्हणाले.

त्याचे हात थांबले. त्याने मान वर केली, आणि मला वाटतं, मी कोणत्या अर्थाने म्हणाले ते त्याला नीट कळलं.

“ये,” तो म्हणाला.